नाकवाल्यांची खोली

बुटांच्या त्या कारखान्यात जोडणीची खोली सगळ्यात आत होती, आणि तिची खिडकी कोणी उघडत नसे. त्याला कारण होतं. तळाला आणि वरच्या चामड्याला सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचं रसायन, लावायचं, थोडा वेळ वाळू द्यायचं आणि मग दोन्ही भाग एकमेकांवर दाबायचे, असं ते काम. वारा लागला की सोल्यूशनवर दुधासारखी साय धरते. वरून वाळल्यासारखं दिसतं, आत ओलंच राहतं. असा बूट दुकानात ऐटीत बसतो आणि गिऱ्हाइकाच्या पायात गेला की चौथ्या दिवशी तोंड उघडतो. म्हणून खिडकी बंद, दार ओढलेलं, आणि पंखा तर नावालाही नाही.

त्या खोलीत कोणी टिकत नसे. नवीन बाई आली की तासाभरात कपाळ धरून बसायची, दुपारपर्यंत बाहेर नळाशी ओकायची आणि दुसऱ्या दिवशी शिलाईच्या मशीनवर काम मागायची. टिकायची ती एकाच घरची माणसं. आधी बाप, मग मुलगा, मग मुलगी. त्यांना वास चढतच नसे. कारखान्यात त्यांना नाकवाले म्हणत, आणि हे नाव त्यांनी मोठ्या अभिमानाने मिरवलं.

हे नाव पडलं ते बापामुळे. सोल्यूशन वाळलं की नाही हे बाकीचे लोक बोटाच्या मागच्या बाजूने चाचपून बघत. बाप तळ उचलून नाकाशी नेई. "आधी सुईसारखा टोचतो," तो मुलांना शिकवायचा. "मग गोडसर होतो, जास्त पिकलेल्या फळासारखा. गोडी उतरायला लागली की दाब. घड्याळाला काय कळतंय? ते काय आपल्या बापाचं आहे?"

त्याच्या हातचा एकही जोड कधी सुटून परत आला नाही. एका दिवसात तीनेकशे जोड, म्हणजे सहाशे तळ, आणि प्रत्येक तळ एकदा तरी नाकाखालून जायचा. असं सव्वीस वर्षं चाललं.

मग बापाच्या मानेला लिंबाएवढी गाठ आली. तिच्यापाठोपाठ काखेत आली. तो सहा महिन्यांत गेला. लोक म्हणाले, वय झालं होतं. बायको गेल्यापासून खचलाच होता, असंही म्हणाले. मुलीने देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, तू दिलंस, तूच नेलंस. सुतक संपल्यावर ती आणि तिचा दादा पुन्हा आपापल्या स्टुलावर येऊन बसले. बापाचं स्टूल मधे रिकामं होतं. त्यावर त्यांनी सोल्यूशनचा डबा ठेवायला सुरुवात केली, कारण ते सोयीचं होतं.

ही गोष्ट त्या मुलीची. आता ती पंचेचाळीसची होती. कारखान्यात सगळे तिला नाकवालीच म्हणत. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. पदरी एकच लेक. नाकवालीला मोठी हाव नव्हती. सकाळी देवाचं नाव घ्यावं, हातचा जोड सुटू नये आणि लेक सुखात राहावी, एवढंच तिचं मागणं असे.

दादाचं दुखणं सुरू झालं ते अंगाच्या खाजेने. पुरळ नाही, डाग नाही, नुसती खाज. मग थंडीच्या दिवसांत, बाकीचे स्वेटर घालून बसलेले असताना, त्याचा सदरा पाठीला ओला चिकटलेला दिसायला लागला. पँट कमरेवर ठरेना.

"पट्ट्याला आणखी एक भोक पाड रे देवा," तो स्वतःशीच म्हणायचा आणि टोचा हातात घेऊन पट्ट्याला भोक पाडायचा. "बाकीच्यांना यासाठी दुकानात जावं लागतं. आपलं काम बसल्या जागी."

गाठ पहिल्यांदा दिसली ती शिलाईवाल्या काकूंना. काकूंच्या जिभेला हाड नव्हतं, पण डोळा सुईचा होता.

"का रे नाकवाल्या, कॉलर एका बाजूने का फुगलीय? चोरून लाडू ठेवलाय काय आत?"

दादा हसला आणि त्याने मानेला हात लावला. मग हसता हसता थांबला. नाकवालीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे पाहिलं. बापाची गाठही याच बाजूला होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि प्रश्न फार विचारायच्या. गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, तो लिम्फोमा, गाठींचा कॅन्सर, निघाला. शरीरात शत्रूशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्याच बेलगाम वाढायला लागतात, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "काम काय करता?"

"बूट जोडतो."

"कशाने?"

"सोल्यूशनने. पण त्याचा आम्हाला काही त्रास नाही, बरं का. आमच्या घरात कोणाला तो वास चढत नाही. देवाची देणगी आहे."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "घरात कोणाला म्हणजे? आणखी कोण असतं तिथे?"

"वडील होते. ही माझी धाकटी बहीण, ही आहे."

"वडील कशाने गेले?"

उत्तर नाकवालीने दिलं.

डॉक्टरीणबाईंनी मग तिचंही रक्त मागितलं. इस्पितळात एक अभ्यास चालू होता, रसायनांत काम करणाऱ्यांचा. नाकवालीने बाही वर सारली. तिला वाटलं, दादाच्या औषधासाठी लागत असेल. भावासाठी तिने हातही कापून दिला असता, मग चमचाभर रक्ताचं काय?

दादाला औषधाच्या बाटल्या चढायला लागल्या आणि जोडणीच्या खोलीत एक जागा मोकळी पडली. मालकाचं काम दोन दिवस अडून राहिलं. दोन बाया आणून बसवल्या, दोघी ओकल्या. तिसऱ्या दिवशी नाकवालीची लेक डबा पोचवायला आली होती. ती सहज मामाच्या स्टुलावर बसली, ब्रश उचलला आणि एक तळ रंगवून नाकाशी नेला.

"आत्ता दाबू, आई?"

नाकवालीने तळ हातात घेतला. वेळ अगदी बरोबर होती. कोणी शिकवलं नव्हतं पोरीला.

"डोकं दुखतंय का गं?" मालकाने दारातून विचारलं.

"छे! कशाला दुखेल?"

"रक्तातच आहे हो," काकू बाहेरून ओरडल्या. "मोराच्या पिलाला नाचायला कोण शिकवतं?"

नाकवालीला त्या दिवशी आनंद झाला. पुढे ही गोष्ट ती कित्येकदा मनात घोळवायची आणि दर वेळी या आनंदापाशी येऊन अडायची. एकोणीस वर्षांची लेक पलीकडच्या स्टुलावर बसून मामापेक्षा चपळ हाताने तळ दाबत होती, आणि आई मनात म्हणत होती, नाव राखलंस गं पोरी.

दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला बोलावलं.

"घाबरू नका," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. मग माणूस घाबरणार नाही तर काय करणार? "आपण श्वासातून जे विषारी घेतो ना, ते धरून, मोडून बाहेर टाकणारे कामगार शरीरातच असतात. यकृतात असतात, रक्तातही असतात. हे कामगार कसे बनवायचे त्याची कृती आपल्याला आईबापांकडून मिळते. एक प्रत आईची, एक बापाची. तुमच्याकडे एका कामगाराची कृतीच आलेली नाही. दोन्ही प्रती कोऱ्या. दुसरा एक कामगार आहे, पण मंद. तुमच्या भावाचंही तसंच आहे. वडिलांचं आता कळणार नाही."

"म्हणजे मलाही…?"

"नाही. तसं मी म्हणत नाही. असे लोक रस्त्याने ढिगाने फिरतात, त्यांतल्या बहुतेकांना जन्मात काही होत नाही. काही अभ्यासांत दिसलंय की अशा माणसांना हा आजार होण्याची शक्यता थोडी जास्त असते. काहींत तसं दिसलेलंही नाही. पण रोज आठ तास त्या वाफेत बसणं आणि ती बाहेर टाकणारा कामगारच नसणं, हे दोन्ही एकत्र मला बरं वाटत नाही. विषाची परीक्षा कशाला बघायची? ती खोली सोडा."

"पण आम्हाला वास चढत नाही, बाई. चक्कर नाही, उलटी नाही."

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ज्यांना चक्कर येते ते उठून बाहेर जातात, मावशी. तुम्ही बसून राहता. चक्कर न येणं म्हणजे सवय. सवय झाली म्हणून विष कमी जातं असं नाही."

नाकवाली इस्पितळाच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे बाप होता, तळ नाकाशी धरलेला. एका तळाला एक श्वास. तिने हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला. आपल्याला मिळालं ते देवाचं देणं नव्हतं. ते कोणी आधीच काढून घेतलेलं होतं, आणि तीन माणसं त्या रिकाम्या जागेला देणगी म्हणत राहिली. आपलं जाऊ दे. तिथे लेक बसलीय.

घरी तिने लेकीला सगळं सांगितलं, जमेल तसं. लेक वेणी घालत ऐकत होती.

"मग मला काय झालंय?"

"तुझंही रक्त बघू दे. मग तूच म्हणशील, नको ती खोली."

"आणि काही नाही झालंय असं म्हणाले तर?"

आईला या प्रश्नाचा अर्थ तेव्हा लागायला हवा होता. ती म्हणाली, "तू चल तर खरी."

याच पंधरवड्यात दादा गेला. औषध सुरुवातीला लागू पडलं होतं, गाठी विरघळल्या होत्या, मग तापाने गाठलं. शेवटच्या भेटीत तो बहिणीला म्हणाला, "पोरीला उठव तिथून." तिने मान हलवली. तो पुन्हा म्हणाला, "नुसती मान नको हलवू. उठव."

लेकीचा कागद आला तो दादाच्या तेराव्यानंतर. डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं. लेकीकडे तो कामगार होता. आईकडून कोरी प्रत आली, पण बापाकडून चांगली आली. दुसराही कामगार ठीक.

"म्हणजे बाबांनी काहीतरी दिलं म्हणायचं," लेक हसली. "घरी नसतात, पण रक्तात आहेत."

नाकवालीने मनात देवाचे पाय धरले. किती दिवसांनी तिला पोटभर श्वास आला. डॉक्टरीणबाई पुढेही बोलत होत्या. हे कवच नाही, विष ते विषच, चांगला कामगारही रोजच्या ओझ्याने थकतो, असे आणखीही कामगार असतात जे आम्ही तपासलेलेच नाहीत. हे सगळं नाकवालीने ऐकलं. लेकीने पहिलंच वाक्य ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक तो कागद कारखान्यात घेऊन गेली आणि तिने मालकाला दाखवला.

मालक तसा वाईट माणूस नव्हता. दादाच्या तिरडीला त्याने खांदा दिला होता. पण कागद वाचता वाचता त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षं त्याला कळत नव्हतं की या खोलीत कोणाला बसवावं. आता तर ते कागदावर लिहूनच मिळत होतं.

"हे बरंय की!" तो म्हणाला. "ज्याचं रक्त पक्कं तो आत, ज्याचं कच्चं तो बाहेर. कोणाला धोका नको आणि कामही अडायला नको. सगळ्यांची तपासणी करून आणू. नाकवाली, तू आजपासून पॅकिंगला. तुझ्या भल्यासाठी सांगतोय हं."

"आणि खिडकी?" ती म्हणाली. "मालक, खिडकी उघडायची, वाफ ओढणारा पंखा लावायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या…"

"अगं, आता पक्की माणसं मिळणार म्हटल्यावर खिडकी कशाला?"

अशी सगळी गंमत झाली. करायला गेली काय आणि होऊन बसलं काय. पोरीला उठवायला म्हणून आणलेला कागद पोरीची गादी होऊन बसला. आठवड्याभरात बायांमध्ये बोलणं सुरू झालं, तुझं पक्कं की कच्चं? पक्कीला आतली जागा आणि वरचा मान. शिलाईवाल्या काकूंनी पहिल्यांदाच तोंड आवरलं. एवढंच म्हणाल्या, "माणसं काय भांडी आहेत, वाजवून घ्यायला?"

नाकवाली पॅकिंगच्या टेबलाशी खोक्यांत बूट भरायची. तिथून जोडणीच्या खोलीचं दार दिसायचं. दाराच्या काचेला आतून सोल्यूशनचा पिवळट थर बसला होता, त्यातून लेकीची आकृती पुसट दिसायची. तळ उचलायचा, नाकाशी न्यायचा, दाबायचा. उचलायचा, नाकाशी न्यायचा. अगदी बापासारखी मान तिरकी. इतकी वर्षं नाकवाली स्वतः आत बसली होती, पण ते बाहेरून कसं दिसतं हे तिने कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला वाटलं, पोर कशाचं तरी चुंबन घेतेय. मग तिने तिकडे बघणं सोडायचं ठरवलं, आणि ते तिला जमलं नाही.

घरी बोलून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला.

"अगं आई, माझं पक्कं आहे. कागदावर लिहिलंय!"

"कागदावर एका गोष्टीचं लिहिलंय. बाकी देवालाच माहीत."

"तू उगाच भीती घालतेस. मामाचं आणि तुझं एक, माझं वेगळं."

"मामासुद्धा असंच म्हणायचा. आपलं वेगळं."

लेक उठून गेली. तिचंही काही चुकत नव्हतं. कारखान्यात पहिल्यांदा कोणी तिला मान देत होतं, आणि एकोणिसाव्या वर्षी मान गेली तरी चालते पण मान मिळायला हवा असतो.

एका सोमवारी नाकवाली कामावर लवकर आली. तिने पॅकिंगच्या टेबलाला हात लावला नाही. सरळ जोडणीच्या खोलीत गेली, मधल्या स्टुलावरचा डबा खाली ठेवला आणि त्या स्टुलावर बसली.

लेक आली आणि दारातच थबकली. "आई, तू इथे काय करतेस?"

"काम."

"तुला मना आहे ना! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"तुलाही सांगितलंय. तू ऐकलं नाहीस, मी कशाला ऐकू?"

"माझं वेगळं आहे, आई! तुझ्यात तो कामगारच नाही. तू इथे बसलीस तर…"

"बोल ना. बसले तर काय?"

लेक मालकाला बोलावून आली. मालकाने समजावून सांगितलं, आवाज चढवला, मग हात जोडले. नाकवाली म्हणाली, "मालक, मी कच्ची आहे हे मला ठाऊक आहे. तसं लिहून देते, आणा कागद. पण ही इथून उठेल त्याच दिवशी मी उठेन. एक दिवस आधी नाही." हे ती ओरडून बोलली नाही. देवापुढे नवस बोलावा तशी बोलली, आणि ती नवस मोडत नाही हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मालक घड्याळ बघत बाहेर गेला. दुपारी गाडी लागणार होती, माल जायचा होता.

लेक दारातच उभी होती. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता, डोळे भरले होते. "हा छळ आहे," ती म्हणाली. "तू मला अडकवतेस."

"हो," आई म्हणाली. "अडकवतेय."

"मी नाही उठणार. बघू तू किती दिवस बसतेस."

"तुझे आजोबा किती दिवस बसले होते?"

लेक धपकन शेजारच्या स्टुलावर बसली. दोघींच्या मधे हातभर अंतर. तिने डब्याचं झाकण काढलं आणि वास खोलीत पसरला, तो आधी सुईसारखा टोचला. नाकवालीच्या डोक्याला काही झालं नाही. काही होणारही नव्हतं. लेकीने ब्रश बुडवला, तळ रंगवला आणि सवयीने नाकाशी न्यायला उचलला. तिची नजर आईकडे गेली. आईने आपला तळ उचलून आधीच नाकाशी धरला होता, आणि डोळे मिटून ती मोठा श्वास घेत होती.

"आई, नको ना," लेक म्हणाली. आवाज लहान मुलीचा झाला होता.

आईने डोळे उघडले नाहीत. तळ दाबला, बाजूला ठेवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.